डिझेल ट्रकसाठी घरी बनवलेला बायपास ऑइल फिल्टर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऊस, कापूस, सोयाबीन आणि सळई यांची वाहतूक करणारे मराठवाड्यातील अनेक चालक-मालक इंजिनाचे आयुष्य वाढवण्यासाठी बायपास फिल्टर बसवण्याचा विचार करतात. बाजारात मिळणारा तयार संच महाग वाटतो, आणि तो बनवण्यासाठी लागणारे बहुतेक भाग हायड्रॉलिकच्या दुकानात सहज मिळतात. खालील उत्तरे ट्रकच्या मालकासाठी आणि काम करणाऱ्या मिस्त्रीसाठी अशी दोघांसाठी लिहिलेली आहेत.

बायपास फिल्टर नेमके काय करतो?

इंजिनाचा मूळ फिल्टर मुख्य वाटेवर असतो. पंपाने ढकललेले सगळे ऑइल त्यातूनच मेन बेअरिंग, क्रँक आणि हेडकडे जाते, त्यामुळे त्याची जाळी फार बारीक ठेवता येत नाही. ठेवली तर थंड, घट्ट ऑइल अडून बेअरिंग कोरडे पडेल. म्हणून असा फिल्टर साधारण २० ते ४० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठे कण भरवशाने पकडतो आणि त्याहून बारीक कण सोडून देतो. बेअरिंग आणि पिस्टन रिंगांपाशी ऑइलचा थर मात्र काही मायक्रॉनचाच असतो. त्या थराच्या जाडीइतके कण धातूच्या दोन्ही पृष्ठभागांना एकाच वेळी घासतात, आणि झिजेचा मोठा वाटा त्यांचाच असतो. बायपास फिल्टर पंपाच्या प्रवाहातील एक लहानसा भाग बाजूला घेतो, २ ते ५ मायक्रॉनपर्यंत सावकाश गाळतो आणि थेट चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत, सोडतो. तो बेअरिंगच्या वाटेवर नसल्यामुळे पूर्ण तुंबला तरी इंजिनाचे ऑइल बंद होत नाही.

ही कल्पना नवी नाही. व्होल्वोच्या जड इंजिनांवर मुख्य फिल्टरच्या शेजारी बायपास फिल्टर कंपनीकडूनच येतो, स्कॅनिया त्याच कामासाठी फिरणारा सेंट्रिफ्युगल फिल्टर वापरते, आणि फ्लीटगार्डच्या काही फिल्टरांत दोन्ही थर एकाच डब्यात असतात. म्हणून आधी आपल्या इंजिनावर असे काही आहे का, हे मॅन्युअलमध्ये पाहावे. असल्यास दुसरा बसवण्याचे कारण उरत नाही. जो आहे तो वेळेवर साफ करणे किंवा बदलणे पुरेसे असते.

मूळ फिल्टरमध्ये बायपास व्हॉल्व्ह असतोच. मग वेगळे काय बसवायचे?

ती वेगळी गोष्ट आहे. मूळ फिल्टर तुंबला किंवा ऑइल फार घट्ट असले की तो व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेले ऑइल इंजिनाला मिळते. कोरड्या बेअरिंगपेक्षा अस्वच्छ ऑइल बरे, एवढाच त्याचा हिशेब आहे. त्याने ऑइल स्वच्छ होत नाही.

माझ्या ट्रकला याची खरोखर गरज आहे का?

ट्रक वर्षभर लांब पल्ल्यावर धावत असेल, ऑइल वेळेवर बदलले जात असेल आणि इंजिन चांगल्या स्थितीत असेल, तर फायदा होईल, पण तो दिसण्यास बराच काळ जाईल. याउलट गळीत हंगामात कारखान्याच्या रांगेत इंजिन चालू ठेवून पुढे सरकणारा, शेतातील पांदण रस्त्यावर पहिल्या गिअरमध्ये ओढणारा किंवा खाणीवर चालणारा ट्रक किलोमीटर कमी आणि तास जास्त काढतो. त्याच्या ऑइलमध्ये काजळी आणि डिझेल दोन्ही लवकर मिसळतात. अशा ट्रकला बायपास फिल्टरचा उपयोग अधिक होतो.

तरीही एक क्रम पाळावा. इंजिनात जाणारी बहुतेक धूळ हवेच्या वाटेने जाते. एअर क्लीनरचा पाइप टर्बोच्या अलीकडे चिरलेला असेल, क्लॅम्प ढिला असेल किंवा कॉम्प्रेसरची हवा जोरात मारून फिल्टरचा कागद फाटला असेल, तर काळ्या मातीची धूळ लायनर घासत राहील आणि बायपास फिल्टर फक्त मागून तिची वेचणी करत राहील. आधी एअर क्लीनर, मग ब्रीदर (चेंबरमधील वाफ बाहेर सोडणारी नळी), मग ऑइलची गळती, आणि ही कामे झाल्यावरच बायपासचा विचार. हा क्रम उलटा करून पैसे घालणारे पुष्कळ भेटतात.

फिल्टर बसवल्यावर ऑइल सोनेरी राहील का?

नाही. काजळीचे मूळ कण मायक्रॉनच्या शंभराव्या भागाच्या मापात असतात आणि ऑइलमधील डिस्पर्संट रसायन त्यांना मुद्दाम सुटे ठेवते. त्यामुळे डिझेल इंजिनाचे ऑइल बदलल्यानंतर काही तासांतच काळे होते. बारीक फिल्टर काजळीचे गोळे आणि धातूचे कण पकडतो, रंग उतरवत नाही. रंगावरून ऑइलची परीक्षा करणाऱ्या मिस्त्रीचा सल्ला या बाबतीत बाजूला ठेवावा.

कोणते सामान लागते आणि ते कोठे मिळेल?

एक स्पिन-ऑन फिल्टर हेड (ज्यावर फिल्टरचा डबा फिरवून बसतो तो भाग), त्याला बसणारा बारीक फिल्टर, लहान छिद्राचा निपल, एक बॉल व्हॉल्व्ह, दोन्ही टोकांना क्रिम्प केलेल्या (यंत्राने दाबून फिटिंग बसवलेल्या) दोन हायड्रॉलिक नळ्या, प्रेशर स्विचच्या जागेसाठी टी (तीन तोंडांचा जोड), आणि परतीच्या नळीसाठी अॅडॅप्टर. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज आणि चिकलठाणा भागात तसेच जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत नळ्या क्रिम्प करून देणारी दुकाने आहेत. लहान तालुक्यात जेसीबी किंवा हार्वेस्टर दुरुस्त करणाऱ्याकडे चौकशी करावी. त्याला ही कामे रोजची असतात. छिद्राचा निपल मात्र लेथवाल्याकडून पितळेत किंवा लोखंडात करून घ्यावा.

छिद्र किती मिलिमीटरचे असावे आणि ते कोठे बसवावे?

या सर्व कामातील सर्वात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. फिल्टर कोणत्या कंपनीचा, हा प्रश्न त्यानंतरचा. साधारणपणे १.५ मिलिमीटर, म्हणजे १/१६ इंचाचे छिद्र योग्य ठरते. गरम ऑइल, ४ किलो (चौरस सेंटिमीटरला) प्रेशर आणि मोकळा मार्ग धरला तर अशा छिद्रातून मिनिटाला सुमारे २ लिटर ऑइल जाते. फिल्टरचा अडथळा लक्षात घेता प्रत्यक्षात त्याहून कमी जाईल. आयडलवर प्रेशर १ किलोवर आले की हा प्रवाह निम्मा होतो, कारण प्रवाह प्रेशरच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. चेंबरमध्ये १५ लिटर ऑइल असेल आणि मिनिटाला सरासरी १ लिटर गाळले गेले, तरी तासाला ६० लिटर, म्हणजे चेंबरच्या चौपट ऑइल फिल्टरमधून जाते. एवढे पुरेसे आहे.

छिद्र मोठे केल्यास प्रवाह व्यासाच्या वर्गाने वाढतो: ३ मिलिमीटरचे छिद्र १.५ मिलिमीटरच्या चौपट ऑइल घेईल. जुन्या, झिजलेल्या बेअरिंगच्या इंजिनात गरम असताना आयडलचे प्रेशर आधीच काठावर असते. तेथे ही चोरी परवडत नाही. छिद्राशिवाय सरळ नळी जोडणे तर कोणत्याही परिस्थितीत मान्य नाही.

आता जागा. छिद्र इंजिनाच्या टोकाला, टीच्या लगेच पुढे असले पाहिजे. फिल्टरच्या टोकाला नव्हे. दोन्ही ठिकाणी प्रवाह सारखाच राहतो, पण नळी फुटली तर फरक पडतो. छिद्र इंजिनापाशी असेल तर फुटलेल्या नळीतून मिनिटाला २ लिटरच्या आसपास ऑइल जाईल आणि १५ लिटरचे चेंबर रिकामे होण्यास सात-आठ मिनिटे लागतील. छिद्र फिल्टरपाशी असेल तर संपूर्ण नळीवर पूर्ण प्रेशर राहते आणि ती फुटल्यास ऑइल किती वेगाने जाईल याला धरबंध राहत नाही. शिवाय लहान छिद्रातून होणाऱ्या गळतीने प्रेशर लगेच पडत नाही. चेंबर जवळजवळ रिकामे होऊन पंप हवा ओढू लागेपर्यंत डॅशबोर्डवरील लाल दिवा लागणार नाही. म्हणून मागच्या आरशात धूर दिसला किंवा ऑइल जळल्याचा वास आला, तर दिव्याची वाट न पाहता इंजिन बंद करावे.

ऑइल कोठून घ्यावे?

सर्वात सोपी जागा म्हणजे ऑइल प्रेशर स्विच किंवा सेंडरची. तेथे टी बसवून एका फाट्यावर मूळ स्विच आणि दुसऱ्यावर छिद्राचा निपल लावावा. काही इंजिनांच्या मुख्य गॅलरीवर, म्हणजे ब्लॉकमधील ऑइलच्या मुख्य वाटेवर, जास्तीचे प्लग असतात. त्यांपैकी एखादा सोयीचा असल्यास अधिक चांगले, कारण जड टी आणि सेंडर कंपनामुळे मोडण्याचा धोका त्यात नसतो. टर्बोला ऑइल देणाऱ्या नळीवर कधीही फाटा काढू नये. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेतो आणि ऑइल कमी पडल्यास तो काही सेकंदांत खराब होऊ शकतो.

आटे तपासूनच फिटिंग घ्यावे. १/८ इंच बीएसपीमध्ये (ब्रिटिश पाइप आटा) इंचाला २८ आटे असतात आणि आट्याचा कोन ५५ अंशांचा असतो. १/८ इंच एनपीटीमध्ये (अमेरिकन पाइप आटा) २७ आटे आणि ६० अंश. हाताने दोन फेरे दोन्ही बसतात, पान्याने आवळल्यावर एक तर आटे मरतात किंवा गळती लागते. अनेक इंजिनांवर तिसराच, मेट्रिक आटा असतो. मूळ स्विच काढून दुकानात सोबत न्यावा, हे सर्वात सुरक्षित.

टेफ्लॉन टेप वापरायची असल्यास पहिले दोन आटे मोकळे सोडावेत. टेपचा तुकडा सुटून गॅलरीत गेला तर तो एखाद्या बारीक ऑइल होलमध्ये अडकू शकतो. द्रव थ्रेड सीलंट अधिक बरे.

गाळलेले ऑइल परत कोठे सोडावे?

जेथे उलटे प्रेशर नाही अशा जागी: टॅपेट कव्हर, ऑइल भरण्याचे झाकण, किंवा ड्रेन प्लगच्या जागी बसणारा अॅडॅप्टर. घरगुती कामासाठी झाकणाची जागा उत्तम, कारण चेंबरला भोक पाडावे लागत नाही आणि झाकण बाजारातून दुसरे मिळते. ड्रेन प्लगवरील अॅडॅप्टर खाली लोंबत राहतो. उसाच्या फडात किंवा नदीच्या पात्रात उतरणाऱ्या गाडीत तो दगडाला लागण्याची भीती असते.

नळी कोणती वापरावी? एअर ब्रेकची नळी चालेल का?

चालणार नाही. एअर ब्रेकची नायलॉन नळी, डिझेलची रबरी नळी, गॅस सिलिंडरची नळी आणि ज्युबिली क्लिपने आवळलेला कोणताही पाइप या कामासाठी बनलेला नाही. नांदेड-परभणीकडे मे महिन्यात तापमान ४२ अंशांवर जाते, भरलेला ट्रक घाट चढत असतो, आणि चेंबरमधील ऑइल १०० अंशांच्या पुढे जाऊ शकते. अशा ऑइलमध्ये नायलॉन मऊ पडते आणि क्लिपखालून सुटते.

पोलादी तारांची हायड्रॉलिक नळी हवी. सामान्य आर-१ प्रकारच्या नळीचे प्रेशरचे माप येथे लागणाऱ्यापेक्षा कितीतरी अधिक असते, परंतु तापमानाची मर्यादा साधारण १०० अंशांची असते, आणि नेमके तेच या ठिकाणी कमी पडते. ट्रक जड काम करत असेल तर आत टेफ्लॉन आणि बाहेर स्टीलची जाळी असलेली नळी घ्यावी. महाग असली तरी उष्णतेत टिकते. सामान निवडताना काटकसर करायची असेल तर फिल्टरच्या ब्रँडवर करावी, नळीवर नव्हे. तांब्याची किंवा लोखंडाची कडक नळी कंपनाने कडक होत जाते आणि नटापाशी तडकते.

फिल्टर चासीवर आणि टी इंजिनावर असल्यास नळीला सैल वळण द्यावे, कारण चालू-बंद होताना इंजिन आपल्या माउंटिंगवर चांगलेच हलते. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि टर्बोपासून नळी शक्य तितकी दूर न्यावी. इंजिन ऑइलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे त्याची वाफ पेट घेऊ शकते ते तापमान, साधारण २०० अंशांच्या थोडा वर असतो, आणि भाराखाली मॅनिफोल्ड त्यापेक्षा कितीतरी अधिक तापतो. त्यावर ऑइलचा फवारा पडणे म्हणजे केबिनखाली आग. जेथे पत्र्याला घासण्याची शक्यता आहे तेथे रबराचे आवरण असलेला क्लॅम्प लावावा.

फिल्टर निवडताना मायक्रॉनचा आकडा पुरेसा आहे का?

नाही. डब्यावर नुसते ‘३ मायक्रॉन’ लिहिलेले असेल तर त्या मापाचे किती कण अडतात हे कळत नाही. बीटा गुणोत्तर, म्हणजे फिल्टरपूर्वीचे कण भागिले फिल्टरनंतरचे कण, विचारावे. ३ मायक्रॉनला बीटा २ म्हणजे निम्मे कण अडतात, बीटा ७५ म्हणजे सुमारे ९८.७ टक्के आणि बीटा २०० म्हणजे ९९.५ टक्के. हायड्रॉलिकच्या ग्लास फायबर फिल्टरांवर ही माहिती बहुधा मिळते, आणि म्हणूनच ते या कामाला सोयीचे पडतात. सोबत डब्याचे कमाल प्रेशर आणि सीलची तापमानाची मर्यादाही पाहावी.

टॉयलेट पेपरचा रोल किंवा साधा कापूस भरून फिल्टर करता येतो, असे ऐकले आहे.

अमेरिकेत फ्रँट्झ नावाचा टॉयलेट पेपरच्या रोलवर चालणारा बायपास फिल्टर विकला जात असे, आणि दाबून बसवलेला कागद खरोखर बारीक गाळतो. थोडे पाणीही शोषतो. अडचण अशी की आपल्याकडे मिळणारे रोल सैल गुंडाळलेले आणि वेगवेगळ्या मापांचे असतात. ऑइल सोपी वाट शोधते आणि रोल व डब्यामधील फटीतून न गाळता निघून जाते. कागद फुगून फाटला तर लगदा परतीच्या नळीतून चेंबरमध्ये जातो आणि पंपाच्या जाळीला चिकटतो.

कापसाची गोष्ट मराठवाड्यात निघणारच. पूर्वीच्या बायपास फिल्टरांत घट्ट दाबलेला कापूस भरलेला असे, हे खरे आहे. जिनिंगमधून आणलेला सुटा रुईचा पेळू मात्र त्या कामाचा नाही: तो ऑइलमध्ये एका बाजूला बसतो, मध्ये वाट पडते आणि तंतू सुटतात. तयार फिल्टर घ्यावा.

फिल्टरचा डबा स्वतः वेल्ड करून बनवला तर?

बनवता येतो, पण आम्ही तसे सुचवत नाही. परभणीत डिसेंबरच्या पहाटे तापमान १० अंशांच्या खाली जाते, तेव्हा घट्ट ऑइलचे प्रेशर चालत्या गाडीपेक्षा बरेच चढते. वेल्डमधील सुईएवढे छिद्र त्या वेळी उघडे पडते. ज्यांना बनवायचाच आहे त्यांनी सीमलेस पाइप घ्यावा, आतील वेल्डची राख पूर्ण काढावी आणि थंड इंजिनाच्या कमाल प्रेशरच्या दीडपट प्रेशरला हातपंपाने पाणी भरून चाचणी घ्यावी. चाचणीसाठी कॉम्प्रेसरची हवा वापरू नये. दाबलेली हवा डबा फोडते तेव्हा तुकडे उडतात, पाणी फक्त गळते.

पहिल्यांदा सुरू करताना काय पाहावे?

जोडण्यापूर्वी नळ्या, निपल आणि फिल्टर हेड डिझेलने धुऊन हवेने वाळवावेत, कारण क्रिम्पिंगचा आणि लेथचा कीस आत राहतो. फिल्टर ऑइलने भरून बसवावा. इंजिन गरम झाल्यावर परतीची नळी मापाच्या डब्यात सोडून घड्याळ लावून एक मिनिट प्रवाह मोजावा. हात आणि चेहरा दूर ठेवावा, ऑइल चटका देते. आयडलवर अर्ध्या ते एक लिटरच्या दरम्यान आकडा आला तर छिद्र ठीक आहे. मग नळी जागेवर जोडून, मोजलेले ऑइल भरून, इंजिन बंद केल्यानंतर काही वेळाने डिपस्टिक पाहावी. फिल्टर आणि नळ्यांमुळे एकूण ऑइल लिटर-दोन लिटरने वाढते, आणि पुढच्या प्रत्येक बदलात ते हिशेबात धरावे लागते. पहिल्या भरलेल्या फेरीनंतर प्रत्येक जोड पुन्हा तपासावा.

फिल्टर तुंबला हे कसे ओळखावे?

गरम इंजिनावर फिल्टरच्या डब्याला हात लावावा. ऑइल वाहत असेल तर डबा इंजिनाइतकाच तापतो. कोमट किंवा गार लागला तर तो तुंबला आहे किंवा छिद्रात काही अडकले आहे. डिझेलमध्ये धुऊन तोच फिल्टर परत बसवू नये.

आता ऑइल बदलण्याचे अंतर दुप्पट करता येईल का?

लगेच नाही. फिल्टर घन कण काढतो. ऑइलमध्ये मिसळलेले डिझेल, कूलंट आणि जळणातून आलेले आम्ल तो काढत नाही, आणि आम्ल मारणारे रसायन, म्हणजे टीबीएन, संपत जाणे थांबवत नाही. कंपनीने दिलेल्या अंतरावर ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत द्यावा आणि पुढचा निर्णय अहवालावरून घ्यावा. नमुना गरम इंजिनातून, ऑइल सोडताना मधल्या धारेचा घ्यावा. अहवालात लोह वाढलेले असेल तर लायनर-रिंगा, तांबे आणि शिसे वाढले असेल तर बेअरिंग, सिलिकॉन आणि अॅल्युमिनियम एकत्र वाढले असेल तर धूळ, आणि सोडियम किंवा पोटॅशियम दिसले तर कूलंटची गळती, अशी साधारण दिशा मिळते. १५डब्ल्यू-४० ऑइलची १०० अंशांवरील व्हिस्कॉसिटी (घट्टपणा) १२.५ सेंटिस्टोकच्या खाली गेली असेल तर बहुधा डिझेल मिसळते आहे. तेथे फिल्टर नव्हे, इंजेक्टर पाहावा.

प्रयोगशाळा दूर असेल तर गाळण कागदावर गरम ऑइलचा एक थेंब टाकून रात्रभर ठेवावा. डाग मध्यापासून कडेपर्यंत एकसारखा पसरला तर ठीक. मध्ये घट्ट काळा ठिपका आणि बाहेर फिकट कडे दिसले तर ऑइल काजळी सांभाळू शकत नाही आणि ते बदलावे. ऊस वाहणाऱ्यांनी किलोमीटरऐवजी तासांची नोंद ठेवावी आणि हंगाम संपताच ऑइल बदलावे. आम्ल झालेले ऑइल पावसाळाभर उभ्या गाडीत ठेवू नये.

बीएस-६ ट्रकवर बसवावे का?

वॉरंटी चालू असेपर्यंत नाही. १ एप्रिल २०२० नंतरच्या या गाड्यांमध्ये सेन्सर अधिक, जागा कमी आणि ऑइलही कमी राखेचे लागते. प्रेशर सेन्सरपाशी केलेला फाटा कंपनीला दावा नाकारण्यास कारण देऊ शकतो.

आरटीओ किंवा विमा कंपनीची अडचण येते का?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ चा रोख नोंदणी पुस्तकातील तपशील बदलणाऱ्या फेरफारांवर आहे, आणि ऑइल फिल्टरने तो तपशील बदलत नाही. विम्याचे मात्र वेगळे आहे. गाडीला आग लागली आणि सर्वेक्षकाला क्लिपने आवळलेली नळी दिसली, तर प्रश्न निघणारच. सामानाची बिले आणि बसवलेल्या भागांची छायाचित्रे जपून ठेवावीत.

काढलेले ऑइल आणि जुना फिल्टर कोठे द्यावा?

वापरलेले ऑइल २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येते. ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यावे. विहिरीजवळ ओतणे, वाळवीसाठी लाकडाला फासणे किंवा भट्टीत जाळणे टाळावे. फिल्टर उलटा करून रात्रभर निथळू द्यावा आणि तोही त्याच ठिकाणी द्यावा.

ट्रक विकताना संच काढता येतो का?

येतो. टी काढून मूळ स्विच नव्या तांब्याच्या वायसरसह परत बसवावा, जुने झाकण लावावे आणि ऑइलची पातळी मूळ मापावर आणावी. नव्या मालकाला संच ठेवायचा असेल तर छिद्राचे माप, फिल्टरचा क्रमांक आणि वाढलेल्या ऑइलचे प्रमाण लिहून द्यावे.